भांड्यावरचं नाव

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. अंगणात जुनी सतरंजी अंथरून आम्ही दोघी जावा माळ्यावरची भांडी खाली उतरवत होतो. सासूबाईंचं वर्षश्राद्ध नुकतंच झालेलं. मोठ्या जाऊबाई अकोल्याहून आलेल्या, त्या मुद्दाम दोन दिवस जास्त थांबल्या होत्या. "हा पसारा आता आवरायलाच हवा गं," त्या म्हणाल्या. "निम्म्या भांड्यांना पोचे आलेत, निम्म्यांची बुडं गेलीत. सरळ मोडीत देऊ अन् त्या पैशात दोघींना एकेक चांगला कुकर घेऊ." खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं होतं. माळा मोकळा होणार याच आनंदात मी होते.

तेवढ्यात माझी सातवीतली लेक हातात एक कागद घेऊन बाहेर आली. मी इथं वाशीमला एका शाळेत अर्धवेळ शिकवते; मराठीचे तास आणि आठवड्यातून दोनदा चित्रकला. सोमवारच्या तासासाठी एका शिल्पाचं चित्र छापून आणलं होतं, तेच तिच्या हाती लागलं. "आई, हा राक्षस तर आपल्याच भांड्यांचा केलाय बघ!"

जाऊबाईंनी हात पुसून कागद घेतला. चित्रात एक भलीमोठी माणसाची कवटी होती. डोळ्यांच्या खोबणी, नाक, दातांच्या रांगा, सगळं जिथल्या तिथं. पण हाडाचं काही नाही. जवळून पाहिलं की पातेली, डबे, ताटं, वाट्या, पेले, बादल्या! सगळं स्टील, आणि सगळं लखलखीत. जाऊबाई क्षणभर बघतच राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अगबाई, एवढी भांडी घासली कोणी?"

मैत्रिणींनो, तुम्हीही अगदी हेच विचारलं असतं, नाही का?

खगौलचा मुलगा

ही कवटी घडवणाऱ्या शिल्पकाराचं नाव सुबोध गुप्ता. जन्म १९६४ सालचा, बिहारमधल्या पाटण्याजवळच्या खगौल गावचा. खगौल हे रेल्वेचं गाव, आणि वडील रेल्वेत गार्ड. मुलगा बारा वर्षांचा असताना ते गेले. आई शेतकरी घरातली. तिनं त्याला काही वर्षं आपल्या भावाकडे, लांबच्या खेड्यात ठेवलं. शाळेला जायला धड रस्ता नाही आणि पोरांच्या पायांत चपला नाहीत, असं ते गाव. पुढं खगौललाच एका नाटकमंडळीत त्यानं पाच वर्षं कामं केली. १९८३ ते १९८८ या काळात पाटण्याच्या कला महाविद्यालयात चित्रकला शिकला. शिकता शिकता वर्तमानपत्रासाठी चित्रंही काढली. मग दिल्ली गाठली.

दिल्लीत सगळेच मोठमोठं बोलणारे. आपण काय वेगळं सांगणार, असा प्रश्न बिहारमधून आलेल्या या तरुणाला पडला असेल तर नवल नाही. उत्तर त्याला घरातच सापडलं. १९९६ साली त्यानं बसायचे २९ लाकडी पाट घेऊन एक मांडणी केली. पुढच्याच वर्षी शेणाच्या गोवऱ्या एकावर एक रचून माणूस आत शिरू शकेल अशी गोल खोली उभी केली आणि तिला नाव दिलं 'माझी आई आणि मी'. पाट आणि गोवऱ्या! आपण ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, अशा या वस्तू. त्यानंतर आली ती भांडी.

ही भांडी राजेरजवाड्यांच्या घरची नाहीत किंवा कारागिराकडून खास घडवून घेतलेलीही नाहीत. पाटणी चौकात गेलात तर दुकानाबाहेर दोरीला टांगलेली दिसतात ना, तशीच. कारखान्यात एका साच्यातून हजारांनी निघणारी, किलोवर विकली जाणारी. श्रीमंताच्या घरी तोच डबा आणि मोलकरणीच्या घरीही तोच. भारतातल्या जवळजवळ प्रत्येक घरात सापडेल अशी गोष्ट शोधायला निघालात, तर स्टीलच्या पेल्यापाशीच येऊन थांबाल.

स्टील आपल्याकडे तसं अलीकडचंच. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात पितळ आणि तांबं. चिंच लावून घासायचं, राखेनं चमकवायचं आणि कल्हईवाल्याची वाट बघायची. मग स्टील आलं आणि बायकांच्या मनगटांना जरा विसावा मिळाला. लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर धरतो. तो हवा-पाण्याला आत शिरू देत नाही, म्हणून गंज चढत नाही. कल्हई नको, चिंच नको. चमक मात्र चांदीसारखी. मध्यमवर्गाला आणि त्याहून खालच्या घरांना परवडलेली चांदीच म्हणा ना!

भुकेला देव

ती कवटी २००६ सालची. तिचं नाव 'व्हेरी हंग्री गॉड', म्हणजे फार भुकेला देव. त्या वर्षी पॅरिसमध्ये रात्रभर चालणाऱ्या कला-उत्सवासाठी ती एका चर्चमध्ये मांडली होती. नंतर व्हेनिसला कालव्याच्या काठी, एका जुन्या महालासमोर ती उभी राहिली. होड्यांतून जाणारे येणारे माना वळवून बघत.

मी वर्गात हे चित्र दाखवलं तेव्हा एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, देव भुकेला आहे तर भांडी रिकामी का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पण त्या शिल्पाचं मर्म त्या पोरीनं एका वाक्यात पकडलं होतं. भांडी चकचकीत आहेत, शेकड्यांनी आहेत, आणि एकातही अन्नाचा कण नाही. लांबून ऐश्वर्य दिसतं आणि जवळ गेलं की भूक.

मला तर दुसरीच आठवण झाली. २००६ म्हणजे ज्या वर्षी पंतप्रधान विदर्भात आले ते वर्ष. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्रानं मदत जाहीर केली, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वर्ध्याच्या जोडीला आपलं वाशीमही होतं. शिल्पकाराच्या डोक्यात विदर्भ होता असं मी म्हणत नाही. पण घरात तंगी आली की पहिल्यांदा काय बाहेर जातं, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. आधी पितळी गुंड जातो, मग तांब्याचा बंब, मग परात. चूल पेटत असते, तिच्यावर ठेवायला गंज असतो, पण गंजात टाकायला काही नसतं. तो भुकेला देव मला परका वाटला नाही.

गुप्तांचं दुसरं गाजलेलं काम २००८ सालचं, 'लाइन ऑफ कंट्रोल', म्हणजे नियंत्रण रेषा. अणुबॉम्ब फुटल्यावर वर उठणारा, भूछत्रासारखा धुराचा ढग आपण चित्रांत पाहिलेला आहे. तसा ढग, पण पितळ, तांबं आणि स्टीलच्या भांड्यांचा! उंची सुमारे १० मीटर आणि वजन सुमारे २६ टन. आपल्या सोयाबीनच्या भाषेत सांगायचं तर २६० क्विंटल! २००९ साली लंडनच्या टेट ब्रिटन कलादालनात ते मांडलं गेलं, आणि पुढं दिल्लीच्या किरण नाडर कलासंग्रहालयात आलं. दोन देशांच्या भांडणात शेवटी हवेत काय उडतं? सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बायकांची भांडी. त्याच वाट्या, तेच पेले. मी हे असं वाचलं. तुम्ही कदाचित वेगळं वाचाल.

आणि सगळंच काही भेसूर नाही हं. २०१४ साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा हिरवळीवर स्टीलचा अख्खा वड उभा होता, आणि पानं-फळं म्हणून त्याला भांडी लगडलेली. त्याचं नाव 'दादा'. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा, सगळ्यांना सावली देणारा.

"यात कला ती कसली?"

जाऊबाई मात्र सहजासहजी मानणाऱ्या नव्हेत. "दुकानातली भांडी आणली, एकमेकांना जोडली. यात ह्यांनी घडवलं काय? आमचा वेल्डिंगवाला पण जोडून देईल!"

प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. १९१३ साली मार्सेल द्युशाँ नावाच्या फ्रेंच कलावंतानं सायकलचं चाक एका स्टुलावर उलटं बसवलं. १९१७ साली त्यानं तर कमाल केली! पुरुषांच्या मुतारीतलं चिनी मातीचं तयार भांडं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाठवलं आणि नाव दिलं 'फाउंटन', म्हणजे कारंजं. ते नाकारलं गेलं, पण त्यावरचा वाद शंभर वर्षं झाली तरी मिटलेला नाही. द्युशाँचं म्हणणं थोडक्यात असं, की कलावंतानं वस्तू हातानं घडवलीच पाहिजे असं नाही. ती निवडणं आणि नव्या जागी ठेवून लोकांना नव्यानं बघायला लावणं, हेही कलावंताचंच काम.

मी जाऊबाईंना म्हटलं, "ताई, तुमच्या लग्नातलं रुखवत आठवतंय?"

बस्स, तेवढं पुरलं! त्यांच्या मावशीनं बिस्किटांचं देऊळ केलं होतं, साखरेच्या चौकोनी वड्यांचा महाल, आगपेटीच्या काड्यांची विहीर आणि तिच्यावर रहाट. शेजारी आंदणाची भांडी उतरंडीनं रचलेली, वर नारळाची बाहुली. अर्धा मांडव नवरी सोडून रुखवतच बघत होता म्हणे. बिस्किटं कारखान्यातली, काड्या कारखान्यातल्या, पण देऊळ मावशीचं! आपण पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलो. त्याला कोणी शिल्प म्हटलं नाही, इतकंच.

आपल्या जिल्ह्यातलंच आणखी एक सांगते. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते. तिथं तांड्यातांड्यांतून आलेल्या बंजारा आयाबायांचे जुने पोशाख बघा. फेटिया आणि कांचळीवर आरसे, कवड्या आणि चक्क नाणी टाकलेली. टांकसाळीतून निघणारी नाणी सगळी एकसारखी. पण टाका असा घातलेला की दोन कांचळ्या कधी सारख्या होत नाहीत.

टिकल्या, झाकणं आणि काकणं

तुम्हाला एक गंमत सांगते. सुबोध गुप्तांच्या पत्नी भारती खेर, याही नावाजलेल्या शिल्पकार. जन्म १९६९चा, लंडनचा. शिक्षण तिकडेच झालं, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या भारतात आल्या. त्यांचं साहित्य काय असेल? टिकल्या! आपण आरशाच्या कडेला चिकटवून ठेवतो ना, त्याच, पाकिटात मिळणाऱ्या. २००६ साली त्यांनी जमिनीवर बसकण मारलेली एक हत्तीण केली, अगदी खऱ्या हत्तीच्या आकाराची. तिचं सगळं अंग टिकल्यांनी मढवलं. ती शेवटचे श्वास घेते आहे की आता उठून उभी राहणार आहे, हे कळत नाही. म्हणजे नवऱ्यानं भांडी घेतली आणि बायकोनं टिकल्या. संसार म्हणावा तर असा!

आपल्या मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोकाकोलाच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं एकमेकांत अडकवून साडी तयार केली. अगदी नेसायच्या साडीसारखी दिसणारी साडी, पण नेसली तर खांदा मोडेल अशी. विणकराच्या हातचं लुगडं मागं पडलं आणि परदेशी बाटली गावोगाव पोचली, हे त्या साडीकडे बघून कळतं. त्यासाठी भाषण लागत नाही.

चंदीगडला सहलीला गेलेल्या मैत्रिणींनी रॉक गार्डन पाहिलंच असेल. नेकचंद नावाच्या सरकारी रस्ते-निरीक्षकानं साधारण १९५७ पासून गुपचूप, नोकरी सांभाळून ते उभं केलं. फुटक्या कपबशा, फरशीचे तुकडे आणि आपल्या हातातली फुटकी काकणं! काकणांचे तुकडे लावून नटवलेल्या बायकांच्या मूर्ती तिथं रांगेनं उभ्या आहेत. सरकारी जागेवर परवानगीशिवाय केलेलं काम, तेव्हा ते पाडायचीच वेळ आली होती. पण लोक बघायला लोटले आणि १९७६ साली बाग सर्वांसाठी खुली झाली. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली ते गेले, बाग आहे.

माझी एक तक्रार

इतकं कौतुक केलं, आता मनातलंही बोलते. गुप्तांची ती लखलखती कवटी बघताना मला राहून राहून वाटलं, की हिच्यातली सगळी भांडी कशी नवी कोरी! कुठं बुडाला करपल्याचा डाग नाही, कडेला पोचा नाही. भांडं आहे, पण ते हाताळणारी बाई कुठं आहे? जाऊबाईंचा पहिला प्रश्न मला अजून पटतो. एवढी भांडी घासली कोणी?

पुढं वाचताना कळलं, की हा प्रश्न त्यांनाही टळलेला नाही. स्वतः स्वयंपाकाची त्यांना फार हौस. २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात त्यांनी जुन्या, वापरलेल्या, चेपलेल्या अॅल्युमिनियमच्या भांड्यांचं घर उभं केलं. आत चूल मांडली, रांधलं आणि आलेल्यांना जेवायला वाढलं. त्या भांड्यांवर मात्र वापरणाऱ्या हातांच्या खुणा होत्या.

हे वाचून मी ह्यांना म्हटलं, "बघा, पुरुषानं चार दिवस रांधून वाढलं तर जगभर नाव होतं. आम्ही पंधरा वर्षं वाढतोय!" हे वर्तमानपत्राआडून नुसते हसले. पण त्या रात्री आपलं ताट त्यांनी स्वतः उचलून मोरीत ठेवलं. कलेचा एवढा परिणाम आमच्या घरात पहिल्यांदाच झाला म्हणायचा!

मोडीत देण्याआधी

पण खरी गोष्ट घडली ती त्या रविवारीच, अंगणात. चित्र बघून झाल्यावर जाऊबाईंनी गंज उचलला, मोडीच्या ढिगात टाकायला, आणि त्यांचा हात थांबला. कडेवर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव होतं. म्हणाल्या, "थांब गं. आधी वाचून तर पाहू."

आणि मग दुपारभर आम्ही वाचतच बसलो. लेक वहीत लिहून घेत होती. एक पेला कोणाच्या तरी तेरवीत वाटलेला, 'स्मरणार्थ' लिहिलेला. एक वाटी मोठ्या दीरांच्या बारशाची. पाच डिश संक्रांतीच्या वाणाच्या. एका डब्यावर वास्तुशांतीची तारीख. सासूबाईंचं लग्न १९७२च्या दुष्काळातलं. लोक रोजगाराला खडी फोडायला जात होते, तिथं आंदण कुठलं? वडिलांनी एक पितळी परात आणि एक गुंड दिला, त्यांवर वडिलांचं नाव. परात होती. गुंड नव्हता.

"गुंड ह्यांच्या दहावीच्या फीसाठी गेला," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "आईंनी मला सांगितलं होतं. एकदाच. परत कधी बोलल्या नाहीत."

मला हे ठाऊकच नव्हतं. बारा वर्षं त्यांच्यासोबत एका घरात राहून!

बाकीची स्टीलची भांडी त्यांनी भांड्यांच्या भिशीतून जमवलेली. शिवणाच्या पैशांतून महिन्याला थोडे थोडे घालायचे आणि नंबर लागला की कधी पातेलं, कधी डबा घ्यायचा. अशी चाळीसेक भांडी निघाली. त्या प्रत्येकावर नाव होतं, मामंजींचं. अख्खी वही भरली, पण सासूबाईंचं स्वतःचं नाव एकाही भांड्यावर सापडलं नाही.

आम्ही दोघी कितीतरी वेळ गप्प बसलो. ज्या बाईनं ही भांडी कमावली, रोज घासली, त्यांत रांधलं, ती त्यांच्यावर कुठंच नव्हती. माझी शिल्पकाराबद्दलची तक्रार माझ्याच अंगणात येऊन बसली होती.

मैत्रिणींनो, सगळा पसारा जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. माळे लहान असतात आणि फुटकं भांडं फुटकंच असतं. आम्हीही बुडं गेलेली सोळा भांडी मोडीत दिलीच. पण देण्याआधी नावं वाचा. एका वहीत उतरवून ठेवा. कोणतं भांडं, कोणाकडून, कोणत्या साली, कशासाठी. घरात वडीलधारी बाई असेल तर तिच्याजवळ बसून तिलाच विचारा, आज आहे तोवर विचारा. आम्हाला उशीर झाला. मुलांनाही सोबत घ्या. माझ्या वर्गातल्या मुलींना मी घरातलं एक जुनं भांडं आणून त्याची गोष्ट लिहायला सांगितली, तर एरवी पाच ओळी न लिहिणाऱ्या मुलींनी दोन दोन पानं लिहून आणली.

परात जाऊबाईंनी अकोल्याला नेली. भिशीतला मोठा डबा माझ्याकडे राहिला. मोडीच्या पैशांत थोडी भर घालून आम्ही दोघींनी कुकरऐवजी एकेक स्टीलचा गुंड घेतला. दुकानदारानं नाव कोरायचं यंत्र सुरू केलं आणि सवयीनं विचारलं, "काय टाकू ताई? साहेबांचं नाव सांगा."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग दोघी एकदमच बोललो. सासूबाईंचं नाव, त्यांचं एकटीचं.